कळलावी : ओळख आणि ठावठिकाणा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काही तरी अभ्यासाचे, पण घरातील सर्वांना वाचता येईल असे’ लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. दहावीच्या मुलांना फुलाचे भाग शिकविण्यात आमची वीस वर्षे गेली, त्यामुळे विषय शोधण्यास लांब जावे लागले नाही. एका रानफुलाविषयी लिहिण्याचे योजिले. ह्या निवडीमागे एक घटना आहे आणि तीत आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. तिची हकिगत ओघाने येईल. आधी फूल.

भोपाळच्या टेकड्यांवर पावसाने चांगला जोर धरला की, जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत झुडपांच्या जाळीतून मधूनच एखादी ज्योत पेटल्यासारखी दिसते. लांबून पाहणाऱ्यास वाटते की कोणी लाल-पिवळ्या कागदाचा कंदील काट्यांत अडकवून ठेवला आहे. जवळ जावे तर तो कंदील नव्हे, एका नाजूक वेलीचे फूल असते. मराठीत हिला कळलावी म्हणतात. कोकणात खड्यानाग हे नावही ऐकू येते. संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली ही तिची नावे आहेत, आणि आपल्या भोपाळच्या आसपासचे लोक तिला कलिहारी किंवा कलियारी म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. पहिल्या शब्दात वैभव आहे आणि दुसऱ्यात दिमाख. कोरड्या शास्त्रज्ञालाही येथे विशेषणे आवरली नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्याही आधी, केरळातील वनस्पतींवर डच अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ह्या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८ ते १६९३) ही वेल ‘मेन्दोनी’ ह्या मलयाळी नावाने आलेली आहे.

वेल आपल्याच मातीतली. भारतात, आग्नेय आशियात आणि आफ्रिकेच्या उष्ण भागांत ती मुळापासून राहत आलेली आहे. तामिळनाडूने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे, आणि आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. गंमत अशी की, भोपाळच्या आसपास ती ज्या घाणेरीच्या जाळीवर चढलेली पुष्कळदा दिसते, ती घाणेरी मात्र अमेरिकेतून आलेली पाहुणी. पाहुणीने घर बळकावले आणि घरधनीण तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभी, असा हा प्रकार आहे.

आता ओळखावयाचे कसे? फूल उमलले असेल तर लहान मूलही चुकणार नाही. फुलाला सहा पाकळ्या असतात. त्या खाली न झुकता मागे, म्हणजे आकाशाकडे वळलेल्या असतात. फुलाचे तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या वर, असा हा उलटा थाट आहे. पाकळीची कडा सरळ नसते. झालरीसारखी नागमोडी असते. कळी असताना रंग हिरवा, फूल उमलताना पाकळी बुडाशी पिवळी व वर नारिंगी-लाल, आणि पुढे दिवस जातील तसतशी ती सगळीच गडद लाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर हिरवी कळी, दुरंगी फूल आणि संपूर्ण लाल फूल एकाच वेळी दिसते. रंग पाहून ह्या तीन निराळ्या वनस्पती आहेत, असे समजणारी मोठी माणसे आम्ही पाहिली आहेत.

पाकळ्या मागे गेल्यामुळे सहा पुंकेसर उघडे पडतात आणि छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडे आडवे पसरतात. मध्ये हिरवा बीजाशय. त्याच्या टोकाशी जो लांब देठ असतो, ज्याला कुक्षिवृंत म्हणतात, तो येथे सरळ खाली न येता बुडापासूनच काटकोनात एका बाजूला वळतो. हा काटकोन नीट पाहावा. आम्ही वर्गात मुलांना विचारतो, ‘ह्याने वाकडी वाट का धरली असेल?’ पुष्कळ तर्क निघतात. परागकण धरणारे टोक आपल्याच पुंकेसरांपासून दूर राहिले म्हणजे दुसऱ्या फुलाचे पराग मिळण्याची शक्यता वाढते, इथपर्यंत एखादी मुलगी पोहोचते तेव्हा त्या तासाचे सार्थक झाले असे वाटते. फुलपाखरे व शिंजीर पक्षी ह्या फुलांवर येतात; मध पाकळ्यांच्या बुडाशी असतो, आणि तो घेताना फुलपाखराचे पंख पुंकेसरांस घासून जातात.

परंतु फूल नसताना ओळखता येणे, ही खरी ओळख. त्यासाठी पान पाहावे. पान भाल्याच्या पात्यासारखे, बिनदेठाचे, चकचकीत हिरवे. शिरा एकमेकींना समांतर. पानाचे टोक निमुळते होत होत दोऱ्याएवढे बारीक होते आणि घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळले जाते. हाच तिचा तणावा. ह्या टोकाने ती शेजारच्या काटकीला मिठी मारते आणि वर चढते. वाटाण्याच्या वेलीलाही तणावे असतात, पण तेथे संयुक्त पानातील शेवटच्या पर्णिकांचेच तणावे बनलेले असतात. घोटवेलीचे तणावे पानाच्या देठाशी निघतात, आणि काकडी-भोपळ्याच्या वेलींत ते पानाच्या बगलेजवळून येतात. अखंड साध्या पानाचे टोकच तणावा झाले आहे, अशी वेल भोपाळच्या टेकड्यांवर नित्य दिसणाऱ्या वेलींत आम्हांस दुसरी आढळलेली नाही. मुलांना आम्ही सांगतो, ‘पानाने बोट वाकवून बोलावले तर ती कळलावी.’

फूल गळाल्यावर बोटाएवढे लांब हिरवे बोंड धरते. ते वाळले की तीन फाकांत उकलते आणि आत शेंदरी-लाल गोल बिया ओळीने बसलेल्या दिसतात. बिया देखण्या असतात. लहान मुलांना त्यांचा मोह पडतो, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे. पाऊस संपला की वेल पिवळी पडते, वाळते आणि दिवाळीच्या सुमारास नाहीशी होते. जमिनीखाली उरतो तो कंद. तो पुढच्या जूनपर्यंत झोपी जातो. कंद दोन बाहूंचा असतो. दोन्ही बाहू मिळून इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ अक्षरासारखा, किंवा आपल्या भाषेत सांगायचे तर नांगराच्या वाकासारखा आकार होतो. संस्कृत ‘लांगल’ म्हणजे नांगर. लांगली हे नाव ह्या आकारावरून पडले. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा असतो. तेथूनच पुढचा कोंब येतो, आणि टोक मोडले की तो बाहू पुन्हा उगवत नाही. दरवर्षी जुना कंद सुकून जातो व नवा तयार होतो.

कळलावी ह्या मराठी नावाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. भांडणे लावणाऱ्या माणसास आपण कळलाव्या म्हणतो, त्यामुळे मुलांस वाटते की ही वेल घरात कज्जे लावते. येथील कळ ती नव्हे, बाळंतपणाच्या कळा. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, ओटीपोटावर किंवा तळपायांना ह्या कंदाचा लेप लावीत, म्हणजे कळा येतात अशी समजूत होती. आमचे आजोळ चिपळूणजवळचे. नानीच्या कुंपणावर ही वेल पावसाळ्यात हटकून चढे. शेजारच्या घरी गौरी आणावयाच्या दिवशी तेथील काकू तेरड्याबरोबर ही फुले मागावयास येत आणि ‘ह्या गौरीच्या हाताची बोटे’ असे म्हणून टोपलीत ठेवीत. नानी स्वतः कात्रीने फुले कापून देई. मुलांना मात्र वेलीपाशी फिरकू देत नसे. कंद तर तिने कोणालाच दिला नाही. एकदा गावातील सुईण मागावयास आली होती. नानीने तिला चहा दिला, पान दिले आणि रिकाम्या हाताने परत पाठविली. नानी निरक्षर होती. परंतु आमच्यापेक्षा अधिक शहाणी, हे आम्हांस पुढे कळले.

आता त्या चुकीची हकिगत. ज्या घरात ती घडली तेथील मंडळींची संमती घेऊनच लिहीत आहोत.

परवाच्या वर्षी श्रावणात आपल्या बालवर्गाची सहल केरवा धरणाच्या बाजूला गेली होती, हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल. मुले तीसएक, आणि त्यांच्याबरोबर काही आजी-आजोबाही होते. वाटेच्या कडेला, बोरीच्या जाळीवर कळलावी फुललेली दिसली. आम्हांस हर्ष झाला. पाकळ्यांची झालर, काटकोन, तणावा, तामिळनाडू, झिंबाब्वे, सगळे सांगितले. मुलांनी चित्रे काढली, मोठ्यांनी मोबाइलवर छायाचित्रे घेतली. इतक्यात पावसाची मोठी सर आली, सगळे बसकडे धावले, आणि जे सांगावयाचे शेवटी राखून ठेवले होते ते राहून गेले. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. आम्हीही त्यात रमलो.

पुढे नवरात्रात, एका सकाळी, बालवर्गातील एका मुलाच्या आईचा दूरध्वनी आला. आवाज घाबरा. ‘मॅडम, ते सहलीतले लाल फूल, त्याचा कंद विषारी असतो का हो?’ आम्ही हातातला कप खाली ठेवला.

झाले होते ते असे. त्या मुलाच्या आजोबांना बागेची हौस. त्यांनी जागा लक्षात ठेवली, वेल पिवळी पडेपर्यंत जाणत्या माळ्यासारखी वाट पाहिली, आणि आदल्या दिवशी नातवाला घेऊन जाऊन कंद खणून आणला. कुंडीत लावावा हा हेतू. माती धुऊन तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाळत ठेवला. शेजारीच उपासाची रताळी होती. सकाळी सूनबाई घाईत होत्या. त्यांनी रताळ्यांबरोबर त्याचाही एक बाहू मोडला, चिरला आणि कुकरमध्ये टाकला. दुसरा बाहू ओट्यावर तसाच राहिला. सासूबाईंनी तो उचलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं, मोडल्या जागी काटकोन दिसतोय. रताळे असे वळत नाही.’ त्यांनी कुकर उघडू दिला नाही. मग आम्हांस दूरध्वनी आला.

कोणी काही खाल्ले नव्हते. कुकरमधले सारे खड्ड्यात पुरले, भांडी दोनदा घासली. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते, आणि ‘तुम्ही सांगितले असते तर’ हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. त्यांनी ते उच्चारले असते तर आम्हांस सोपे गेले असते. नातू मात्र सरळ म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही नाव सांगितले, विष सांगितलेच नाही.’ मुलाचे म्हणणे बरोबर होते. तेव्हापासून कळलावीचा पाठ आम्ही विषापासून सुरू करतो. येथे तो क्रम बदलला, कारण वेल कोणती हे ठाऊक नसेल तर विषाची वार्ता कोणास चिकटवावी, हे वाचकास कळणार नाही.

विष ह्या शब्दाला आपल्या शहरात निराळेच वजन आहे. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधली ती रात्र. आपल्याला काय होत आहे हेच त्या रात्री बहुतेकांना कळत नव्हते. आम्ही तेव्हा फार लहान होतो. परंतु ज्या मोहल्ल्यात पुढे वाढलो तेथे खोकल्याचा आवाज ऐकत वाढलो. म्हणून ह्या भागात अलंकारिक लिहिण्याची आमची इच्छा नाही. सरळ सांगतो.

कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया विशेष. विषाचे नाव कोल्चिसीन. उकडल्याने, भाजल्याने ते जाईल असे मानू नये. पोटात गेल्यावर ते लगेच बोलत नाही, हा त्याचा मोठा दगा. काही तास, कधी अर्धा दिवस, माणूस बरा वाटतो. मग घशात व पोटात आग, वांत्या, जुलाब सुरू होतात. दूषित अन्नाची बाधा समजून घरगुती उपाय करण्यात येथे मोलाचा वेळ जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडे, हृदय, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा ह्यांवर परिणाम होतो आणि प्राण जाऊ शकतो. जे वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. त्यावर हमखास चालणारा, सहज मिळणारा उतारा नाही. म्हणून कोणी चुकून तुकडा चघळला तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा थेट मोठ्या इस्पितळात जावे, आणि वेलीचा वा कंदाचा तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावयास बरोबर न्यावा. मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. कंद हाताळला असल्यास हात साबणाने धुवावेत. फूल नुसते पाहण्यास मात्र कसलीही भीती नाही, हेही सांगून ठेवतो, नाही तर उत्साही मंडळी दिसेल तेथे वेली उपटावयास निघतील.

बाळंतपणाच्या लेपाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. त्याचे नाव भाषेत राहू द्यावे, ओट्यावर येऊ देऊ नये. आयुर्वेदातही लांगलीची गणना उपविषांत केलेली आहे, आणि वैद्य ती शुद्ध करून, मोजून, जबाबदारीने वापरतात. जडीबुटीवाल्याकडून कागदात बांधून आणलेल्या तुकड्याला ते नियम लागू नाहीत. त्यातून नावांचा घोटाळा. काही भागांत कळलावीलाच बचनाग म्हणतात, आणि बाजारात बचनाग म्हणून जे मिळते ते हिमालयातील निराळेच झाड, तेही जहाल विष. सफेद मुसळी म्हणून पांढरी मुळे विकली जातात, ती तिसरीच वनस्पती. तिची पाने जमिनीलगत झुपक्याने येतात, फुले लहान व पांढरी, आणि मुळ्या बोटांच्या जुडीसारख्या. ती वेल नव्हे आणि तिला तणावा नाही. रानातील करांद्यांच्या वेलींशीही गफलत होते. त्यांचे पान बहुधा हृदयाच्या आकाराचे, देठाचे आणि टोकाला तणावा नसलेले असते. परंतु सुकलेल्या, सोललेल्या कंदाला पान नसते, आणि म्हणून रानातला कंद केवळ नावावर विश्वास ठेवून खाऊ नये.

हेच कोल्चिसीन योग्य हातांत औषध होते, ही ह्या कथेची दुसरी बाजू. आमच्या घरी वडिलांचे सांधे दुखत. हकीमसाहेब सूरंजानचे नाव घेत. लहानपणी तो शब्द आम्हांस एखाद्या शहजाद्याचे नाव वाटे. पुढे महाविद्यालयात कळले की सूरंजान म्हणजे कोल्चिकमचा कंद. काश्मीरकडे त्याची पिवळ्या फुलांची जात उगवते. ती आणि आपली कळलावी एकाच कुळातल्या, दोघींत कोल्चिसीन. पूर्वीची पाठ्यपुस्तके दोघींना कमळिणीच्या, म्हणजे लिलीच्या, कुळात घालीत. आता त्यांचे कुळ निराळे मानतात. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू ह्या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकममधून हे द्रव्य वेगळे काढले. आजही गाऊट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर कोल्चिसीनची गोळी देतात. तिच्यात औषध असते अर्धा मिलिग्रॅम. एक ग्रॅमचे एक हजार भाग करून त्यातील अर्धा भाग, असे गणित मुलांना घातले की कंद ‘थोडासा’ खाणे म्हणजे काय, हे त्यांना आपोआप समजते.

हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबविते. त्यामुळेच ते मारते, आणि त्यामुळेच उपयोगीही पडते. १९३७ साली अमेरिकेतील ब्लेकस्ली ह्यांनी दाखविले की, त्याच्या साहाय्याने वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. पुढे जपानातील किहारा ह्यांनी ह्याच युक्तीचा उपयोग करून बिनबियांचे कलिंगड तयार केले. उन्हाळ्यात आपण बिनबियांची फोड खातो, तिच्या मागे अशा विषाची करामत आहे, हे ऐकून आमच्या वर्गातील मुले नेहमी एकदम गप्प होतात.

औषधासाठी मागणी आली आणि रानातील कंदांवर कुऱ्हाड आली. कुदळ म्हणणे अधिक खरे. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची शेती करतात, आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी प्राधान्याने निवडलेल्या ३२ वनस्पतींत कलिहारीचा समावेश केला होता. तरी रानात खणणे थांबलेले नाही. कंद हेच तिचे पुढचे वर्ष. तो नेला की त्या जागी बी रुजून फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात. आमच्या ओळखीच्या दोन जागा अशाच गेल्या. एक खणून नेली, दुसऱ्या जागेवर रस्ता रुंद झाला.

आता ती भोपाळभोवती कोठे भेटेल ते सांगतो, आणि मुद्दामच फार नेमके सांगत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस साधारण ११०० मिलीमीटर, बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या, तांबूस. सपाटीवर काळी माती. कळलावीला पाणी हवे, पण तुंबलेले नको. म्हणून काळ्या मातीच्या चिखलापेक्षा टेकडीच्या उतारावरील दगडगोट्यांची, पालापाचोळा मिसळलेली माती तिला मानवते. दाट सावली नको, भर उन्हाचे माळही नकोत. साग, धावडा, सालई ह्यांच्या विरळ रानाची कडा, आणि चढावयास एखादी बोर, घाणेरी किंवा बांबूचे बेट, एवढे असले की पुरे. केरवा आणि कलियासोतकडील रानाच्या कडा, भोजपूरच्या वाटेवरील उतार, आणि दक्षिणेस रातापानीचे जंगल, जे २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले, ह्या बाजूंस भाद्रपदात डोळे उघडे ठेवून जावे. त्याच रानात भीमबेटका आहे. तेथील चित्रगुंफा १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर ह्या आपल्या मराठी संशोधकाने जगापुढे आणल्या आणि २००३ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गुंफा पाहावयास सगळे जातात. गुंफांच्या वाटेवरील जाळीत काय चढले आहे, ते पाहणारे थोडे. राखीव जंगलात आणि वन विहारात काडीही तोडण्यास मनाई आहे, हे वेगळे सांगावयास नको.

१९५६ साली नवे मध्य प्रदेश झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांतून पुष्कळ मराठी कुटुंबे भोपाळला आली. आपल्या ट्रस्टमधील काही घरे त्यांतलीच. त्या पिढीतील एका आजोबांनी आम्हांस सांगितले की, नव्या गावात पहिला पावसाळा आला तेव्हा टेकडीवर कळलावी पाहून त्यांच्या आईला अर्धे घर मिळाल्यासारखे झाले होते. चिपळूणहून आलेल्या आम्हांसही तसेच झाले होते, म्हणून ती गोष्ट लक्षात राहिली.

ज्यांना घरी लावावयाची असेल त्यांनी रानातून खणू नये. रोपवाटिकेतून कंद घ्यावा, किंवा बोंड वाळल्यावर दोन-चार बिया वेचाव्यात आणि धीर धरावा. लहान मुले, गाय किंवा शेळी असलेल्या घरात लावूच नये.

त्या नवरात्रात ओट्यावर उरलेला दुसरा बाहू आम्ही घरी आणला होता. त्याचा डोळा शाबूत होता. कोरड्या वाळूत, उंच फळीवर, ‘विष’ असा मोठ्या अक्षरांत शब्द लिहिलेल्या डब्यात तो झोपला. पुढच्या जूनमध्ये कुंडीत लावला. वेल हातभर वाढली, फूल आले नाही. यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कोंब आला. कुंडी जाळीच्या आत आहे. तिच्यावरची पाटी त्या आजोबांच्या नातवाने लिहून आणली आहे. वरच्या ओळीत ‘विषारी’, खालच्या ओळीत ‘कळलावी’. हा लेख पूर्ण करीत असताना वेल खिडकीच्या गजापर्यंत पोहोचली आहे, आणि वरच्या तीन पानांच्या बगलेत हिरव्या कळ्या दिसत आहेत.